वाचता येईल अशी बॅग

पत्र

मी ५२ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन धाकट्या बहिणीकडे परदेशी जायचं आहे. बाबा ७८ वर्षांचे. त्यांना पेसमेकर आहे, उजवा गुडघा बदललेला आहे आणि हल्ली ते फार लवकर चिडतात. मागच्या वर्षी मी एकटी विमानाने गेले तेव्हा सिक्युरिटीला माझी बॅग बाजूला काढली आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली. आत आईचा शिवणाचा बटवा होता. आई जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. त्यातली तिची छोटी कात्री काढून घेतली. मागे रांग खोळंबली होती, मी काहीच बोलले नाही. गेटपर्यंत रडत गेले. तेव्हा मी काही करू शकले असते का? आणि आता बाबांची झडती, त्यांचा पेसमेकर, औषधं, या सगळ्याचं कसं करू? आईची पितळी डबी, अंगुस्तान आणि सुया बहिणीला द्यायच्या आहेत. त्याही हातच्या जातील अशी धास्ती वाटते.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पेसमेकर, गुडघा, औषधं यांच्या उत्तरांची जुळवाजुळव मनात चालू होती. दुसऱ्यांदा वाचताना कात्रीपाशी थांबले. म्हणून आधी कात्रीचं बोलते.

हो, तेव्हा काही करता आलं असतं. तुम्हाला टोचणी लागावी म्हणून हे सांगत नाही, पुढच्या वेळी माहीत असावं म्हणून सांगते. वस्तू अडवली की ती तिथेच सोडून द्यायची, एवढा एकच मार्ग नसतो. वेळ हाताशी असेल तर बहुतेक वेळा मागे फिरून एअरलाइनच्या काउंटरवर जाता येतं आणि ती वस्तू एखाद्या छोट्या बॅगेत घालून चेक-इन करता येते. सोडायला आलेलं माणूस अजून बाहेर थांबलेलं असेल तर त्याच्या हाती देता येते. काही विमानतळांवर वस्तू घरच्या पत्त्यावर पाठवायची सोयही असते. पण यातलं काहीही तपासणारा माणूस आपण होऊन सांगेलच असं नाही. ते विचारावं लागतं. "ही माझ्या आईची आहे, मला मागे जाऊन चेक-इनमध्ये टाकता येईल का?" एवढं एक वाक्य पुरतं. पण आई नुकती गेलेली, मागे रांग, समोर अनोळखी माणूस तिच्या बटव्यातून कात्री उचलतोय, अशा वेळी हे वाक्य कुणाच्या तोंडून फुटेल? ते तुम्हाला सुचलं नाही यात तुमची काहीही चूक नाही. कुणी आधी सांगितलेलंच नव्हतं.

आता ते तुमच्याकडे आहे. हे वाक्य वापरायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते पुढे लिहिते.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा तुम्हाला हे पटकन कळेल. बॅग पट्ट्यावरून आत जाते तेव्हा पडद्यासमोर बसलेला माणूस ती अक्षरशः वाचत असतो. तेही काही सेकंदांत, कारण मागे पुढची बॅग येतच असते. त्याला तुमची बॅग रंगांत दिसते. कागद, कापड, खाद्यपदार्थ, प्लास्टिक, साबण असं सगळं नारिंगी. धातू निळा. काच आणि अ‍ॅल्युमिनियमसारखे हलके धातू हिरवे. आणि जिथे क्ष-किरण आरपार जाऊच शकत नाहीत, तिथे काळा ठिपका किंवा काळा चौकोन. बहुतेक स्फोटकंही सेंद्रिय असतात, म्हणून तीही नारिंगीच दिसतात. एखादा घट्ट, एकजीव नारिंगी ठोकळा दिसला, त्याच्यावर वायरींचं जाळं दिसलं आणि शेजारी एखादी बॅटरी, की तो माणूस बॅग बाजूला घेणारच. घ्यायलाच हवी. त्या ठोकळ्याचं नाव 'साबणाची वडी' असलं तरी पडद्यावर नाव उमटत नाही.

गिचमिड अक्षरातली उत्तरपत्रिका समोर आली की तुम्ही काय करता? मुलाने लबाडी केली असं धरत नाही. त्याला जवळ बोलावता आणि विचारता, "हे काय लिहिलंयस?" मागच्या वर्षी तुमची बॅग बाजूला काढली ती बहुतेक याच कारणाने. बटव्यात कात्री, सुया, बटणं, धातूची डबी, सगळं एकावर एक. लिहिलेलं लागेना, म्हणून त्याने उघडून पाहिलं. तुमच्याबद्दल त्याच्या मनात काहीच नव्हतं. तुमचा चेहरा त्याने पाहिलाही नसेल, कारण पडद्यावर बसणाऱ्याला फक्त बॅग दिसते.

तर या वेळी बॅग अशी भरा की ती वाचता येईल. प्रवासाच्या आदल्या रात्री नव्हे, दोन दिवस आधी भरा. आदल्या रात्री हाताला लागेल ते कोपऱ्यात कोंबलं जातं आणि नेमकं तेच दुसऱ्या दिवशी अडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅग रिकामी करून, झटकून, सगळे कप्पे उलटे करून मगच भरायला घ्या. रोजच्या वापरातली पर्स किंवा शाळेची बॅग प्रवासाला घेणार असाल तर हे दुप्पट नीट करा. मागच्या कप्प्यात राहिलेलं कटर, नेलकटरच्या संचातला छोटा चाकू, टोकदार कंपास. अडणाऱ्या कितीतरी वस्तू 'मी घेतलीच नव्हती' या जातीच्या असतात. त्या कधीतरी ठेवलेल्या असतात आणि विसरलेल्या असतात.

चार्जर आणि वायरी गुंडाळून एका पाऊचमध्ये, आणि तो पाऊच अगदी वर. लॅपटॉप किंवा टॅब्लेट हात घातला की निघेल असा. लॅपटॉप बाहेर काढायला का लावतात, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. त्याची बॅटरी आणि आतल्या पट्ट्या इतक्या दाट असतात की त्यांच्याखाली काय आहे ते दिसतच नाही. वहीच्या पानावर शाई सांडावी तसं होतं. अलीकडे बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखीच त्यांची तऱ्हा, बॅगेचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येतं, म्हणून तिथे लॅपटॉप आतच ठेवा म्हणतात. कुठे काढायचा आणि कुठे नाही, हे त्या त्या रांगेत उभा असलेला कर्मचारी सांगतो. 'मागच्या वेळी तर नव्हता काढायला लावला' हा वाद तिथे घालू नये. दोन विमानतळांवरची यंत्रं वेगळी असतात, कधी कधी एकाच विमानतळावरच्या दोन रांगांतलीही.

पुस्तकं न्यायची असतील तर एकगठ्ठा न ठेवता दोन ठिकाणी विभागा. एकावर एक रचलेले कागद त्या पडद्यावर दाट ठोकळ्यासारखे दिसतात. बहिणीसाठी नेत असलेल्या भेटवस्तूंना कागद गुंडाळू नका. शंका आली तर तो फाडावाच लागतो. घडी घालून सोबत न्या, तिथे पोचल्यावर गुंडाळा.

द्रव पदार्थांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण बाबा विचारणार आहेत, "हे काय नवीन खूळ?" आणि त्यांना उत्तर मिळालं तर त्यांची चीडही कमी होईल असं मला वाटतं. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमानं उडवण्याचा कट उघड झाला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा तो बेत होता. लगेच काही काळ विमानात द्रव न्यायला जवळजवळ पूर्ण बंदी आली आणि त्याच वर्षी ती सैल करून आजचा नियम आला. प्रत्येक बाटली किंवा ट्यूब १०० मिलीपर्यंतची, आणि अशा सगळ्या मिळून साधारण १ लीटरच्या एका पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. बुटांचंही तसंच आहे. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात दडवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. सहप्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्याला आवरलं. पुढे अमेरिकेत सगळ्यांना बूट काढायला लावायला सुरुवात झाली आणि तो नियम तिथे थेट जुलै २०२५ मध्ये उठला. अशा नियमांच्या मागे बहुतेक वेळा कुठल्या तरी दिवशी घडलेलं किंवा थोडक्यात टळलेलं काहीतरी असतं. बाबांना हे जाण्याआधी घरीच, निवांतपणे सांगा.

या १०० मिलीत लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिलं म्हणजे, मोजतात ती बाटलीवर छापलेली मापं, आत उरलेला माल नव्हे. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये चमचाभर क्रीम उरलं असलं तरी ती ट्यूब चालत नाही. दुसरं म्हणजे, द्रव या शब्दाचा अर्थ तिथे फार मोठा आहे. टूथपेस्ट, जेल, मलम, फवारा, मध, जॅम, पसरता येईल असं काहीही त्यात येतं. माझी स्वतःची मोजपट्टी आहे ती अशी: ताटात ओतलं तर आपला आकार सोडेल ते सगळं द्रव समजायचं. सीटी स्कॅनर असलेल्या काही विमानतळांवर ही मर्यादा आता सैल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर ती असू शकते. म्हणून १०० मिलीचाच हिशेब धरा. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आत भरून घ्या. आणि मध्ये विमान बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा. पहिल्या विमानतळावर तपासणीनंतर विकत घेतलेली बाटली दुसऱ्या विमानतळाच्या तपासणीत अडू शकते. दुकानदार ती सीलबंद पिशवीत पावतीसकट देतो. ती पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नाही.

बाबांच्या औषधांना मात्र ही मर्यादा सहसा लागत नाही. प्रवासात लागणारं पातळ औषध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी नेता येतं, अट एवढीच की ते वेगळं काढून आधी दाखवायचं. सगळी औषधं मूळ वेष्टनात ठेवा. सोयीसाठी गोळ्या काढून वारांच्या डबीत भरायचा मोह होतो. तो प्रवासापुरता आवरा. निनावी गोळ्यांची डबी ओळखू येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात औषधाचं व्यापारी नाव आणि मूळ नाव दोन्ही, अशी सोबत असू द्या. आणि ही औषधं चेक-इनच्या सामानात कधीही टाकू नका. सामान एक दिवस उशिरा आलं तर कपडे नसले तरी चालतं, गोळ्या नसल्या तर चालत नाही.

पॉवर बँकचंही तसंच आहे. ती चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच हवी. लिथियमची बॅटरी क्वचित तापून पेट घेते. केबिनमध्ये असेल तर कर्मचाऱ्यांना ती दिसते आणि विझवता येते, सामानाच्या पोटात असेल तर कुणाचा हात पोचत नाही. मर्यादा आहे १०० वॉट-तासांची. काही पॉवर बँकांवर हा आकडा छापलेला नसतो, फक्त मिलिअँपिअर-तास असतात. त्यांना ३.७ व्होल्टने गुणायचं आणि १,००० ने भागायचं. २०,००० ची असेल तर ७४ वॉट-तास होतात, म्हणजे चालेल. २७,००० च्या आसपास सीमारेषा येते. छापील आकडे पुसलेली जुनी पॉवर बँक घरीच ठेवा, वाचता येत नाही म्हणून ती अडवू शकतात. एकदा मी ती मोठ्या बॅगेत ठेवली होती. गेटपाशी बसले असताना माझ्या नावाचा पुकारा झाला आणि सामान उघडून ती काढून घेण्यात पंचवीस मिनिटं गेली. तेवढी हाताशी होती म्हणून विमान मिळालं.

आता बाबा.

तुम्ही लिहिलंय की हल्ली ते फार लवकर चिडतात. मला त्यांचा राग समजतो. ज्या माणसाने आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्याला ७८ व्या वर्षी कुणी पोरसवदा कर्मचारी 'हात वर करा' म्हणतो आणि अंगाला हात लावून पाहतो. हे अपमानासारखं वाटतंच. त्यांना 'तिथे चिडू नका' असं सांगून काही उपयोग होणार नाही. काय काय होणार आहे ते एकेक पायरी करून आधी सांगा. अचानक होणारा स्पर्श बोचतो, माहीत असलेला त्या मानाने कमी.

पायऱ्या अशा असतात. आधी खिसे पूर्ण रिकामे. नाणी, किल्ल्या, चष्म्याची डबी, पेन, रुमालसुद्धा. चौकट धातूच्या वस्तू ओळखते, पण हात वर करून उभं राहायचं असतं त्या स्कॅनरला कागदाचा घडी घातलेला तुकडाही वेगळा दिसतो. मग चौकटीतून चालायचं. गुडघ्यातल्या धातूमुळे ती वाजण्याचा संभव बराच आहे. वाजली म्हणजे काही बिघडलं, असं नाही. ते आधीच ठरलेलं होतं असं समजायचं. मग हातातलं यंत्र फिरवतील किंवा हाताने चाचपतील. तपासणारा पुरुषच असतो. सगळ्यांसमोर नको असेल तर आडोशाला किंवा वेगळ्या खोलीत करा असं सांगता येतं, आणि तिथे घरचं माणूस सोबत असू द्या असंही विचारता येतं. हे मागण्यात संकोच कसला? व्रणाची जागा दाखवायची वेळ आलीच तर सैल, गुडघ्याच्या वर सहज सरकणारी विजार घालून न्या.

पेसमेकरचं म्हणाल तर, धातू ओळखणाऱ्या चौकटीतून नेहमीच्या चालीने पार होण्यात अडचण नसते. तिथे रेंगाळायचं नाही, चौकटीला टेकायचं नाही, एवढंच. हातातलं यंत्र मात्र छातीवर धरून ठेवू नये. ते टाळून हाताने तपासा अशी विनंती करायची. हात वर करायच्या स्कॅनरच्या लहरी कपड्यांतून जाऊन त्वचेवरून परततात, शरीरात खोल शिरत नाहीत. तरीही बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत एकदा विचारून घ्या. ते त्यांचा पेसमेकर ओळखतात, मी ओळखत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने एक कार्ड दिलेलं असेल, ते सोबत हवं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं पत्र असेल तर तेही असू द्या. या कागदांमुळे तपासणी माफ होत नाही, पण समोरच्याला लगेच कळतं की काय शोधायचं आणि कुठे जपून हात लावायचा.

आणि आता ती गोष्ट, जी मला स्वतःला माझ्या आईसोबत प्रवास करेपर्यंत सुचली नव्हती. तपासणीच्या त्या दोन-चार मिनिटांत तुम्ही त्यांच्याजवळ असालच असं नाही. कित्येक ठिकाणी बायकांची आणि पुरुषांची तपासणी वेगळी होते. आई माझ्याबरोबर होती तरी व्हीलचेअर ढकलणारा तिला दुसऱ्या दाराने घेऊन गेला, मी माझ्या रांगेत अडकले. तिची कागदपत्रं माझ्या बॅगेत होती आणि माझी बॅग यंत्रात. पलीकडे तिला कुणीतरी काही विचारत होतं, तिला नीट ऐकू येत नव्हतं, आणि मी काचेआडून हातवारे करत होते. ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही.

म्हणून बाबांचं कार्ड बाबांच्याच हातात द्या. तुमच्या पर्समध्ये नको, त्यांच्या खिशातही नको, कारण खिसे रिकामे करायचे आहेत. बोर्डिंग पास आणि पासपोर्टसोबत, हातात. आणि एक वाक्य त्यांच्याकडून घरी चार वेळा म्हणवून घ्या: "मला पेसमेकर आहे आणि गुडघा बदललेला आहे." चौकटीत पाऊल टाकायच्या आधी म्हणायचं, वाजल्यावर नव्हे. तुम्ही मुलांकडून पाढे म्हणवून घेता तितक्या सहजपणे हे करता येईल. त्यांच्या हाती हे काम दिलंत की ते 'तपासला जाणारा म्हातारा माणूस' राहत नाहीत. आपली माहिती आपण देणारा माणूस होतात. रागीट माणसांना हा फरक फार कळतो.

व्हीलचेअर मागवाच. बाबा नको म्हणतील, मला पाय आहेत म्हणतील. त्यांना सांगा की ती चालता येत नाही म्हणून नाही, रांगेत तासभर उभं राहावं लागतं म्हणून आहे. बहुतेक एअरलाइन ४८ तास आधी कळवायला सांगतात. तिकीट काढतानाच कळवलंत तर उत्तम. तपासणीच्या वेळी उठून उभं राहता येतं का, चार पावलं चालता येतं का, ते विचारतील. खरं काय ते सांगायचं. खुर्चीवरून आणि हातांवरून एक छोटी कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घालतील. स्फोटकांचे अगदी सूक्ष्म कण त्यातून कळतात. हातांना लावलेलं ग्लिसरिनचं क्रीम किंवा हृदयविकारावरच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या यांच्यामुळेही ते यंत्र कधी कधी वाजतं. बाबा अशी गोळी घेत असतील तर यंत्र वाजल्याबरोबर ती दाखवा, आणि त्या सकाळी क्रीम लावू नका.

एक गोष्ट त्यांना निक्षून सांगा. चिडून किंवा गमतीनेही "काय बॉम्ब आहे का माझ्याकडे?" असं तिथे म्हणायचं नाही. तो शब्द उच्चारला की समोरच्या कर्मचाऱ्याला ते हसण्यावारी नेण्याची मुभाच नसते. चौकशी होते, विमान सुटतं, कधी कधी प्रकरण त्याहूनही पुढे जातं.

पट्ट्यापाशी पोचल्यावर घाई तुमच्या डोक्यात शिरू देऊ नका. मागचा माणूस उसासे टाकतोय म्हणून लोक फोन, पाकीट, घड्याळ ट्रेमध्ये सुटं टाकतात आणि पलीकडे जाऊन नेमकं त्यातलंच एक विसरतात. रांगेत उभ्या असतानाच या सगळ्या वस्तू बॅगेच्या एका कप्प्यात टाकून चेन लावा, म्हणजे पलीकडे गोळा करायच्या वस्तू दहाऐवजी दोन होतील. ट्रे यंत्राच्या तोंडाशी सरकला, हे डोळ्यांनी पाहूनच चौकटीकडे वळा. बॅग आधी पलीकडे जाऊन पडून राहिली आणि तुम्ही इकडे अडकलात, असं होऊ नये. काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच दिसतात, हँडलला एखादी रंगीत चिंधी बांधा. पलीकडे आल्यावर ट्रे रिकामा करून बाजूच्या बाकावर बसा आणि मग बूट, बेल्ट, चष्मा. बाबांना पट्ट्यापाशी उभं राहून बूट चढवू देऊ नका. नवा गुडघा, गुळगुळीत फरशी आणि मागून येणारे ट्रे, तोल जायला एवढं पुरतं.

इतकं करूनही बॅग बाजूला गेली तर? जाऊ शकते. काही बॅगा कुठल्याही संशयाशिवाय, नुसत्या निवडून तपासतात. अशा वेळी स्वतः बॅगेत हात घालायचा नाही, ते उघडेपर्यंत थांबायचं. "कुठे काय दिसलं ते सांगाल का? कशात काय आहे ते मी सांगते," असं म्हटलं की बहुतेक वेळा काम दोन मिनिटांत होतं. आतल्या खाजगी वस्तू सगळ्यांसमोर काढू नका, बाजूला घ्या, असंही म्हणता येतं. मागच्या वेळी तेही कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

या सगळ्याला लागतो तो वेळ. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचा म्हणतात. बाबांसोबत मी साडेतीन धरेन. कात्रीच्या वेळी तुम्ही गप्प बसलात त्यात दुःखाइतकाच घाईचाही वाटा असेल, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. हाताशी तास असता तर कदाचित तुम्ही मागे वळला असता.

राहिल्या आईच्या वस्तू. अंगुस्तान आणि पितळी डबी हातातल्या बॅगेतून न्यायला हरकत नाही, त्यांत धार नाही की टोक नाही. पण पितळेची बंद डबी पडद्यावर काळा गोळा होऊन दिसेल, आणि तो उघडून पाहणारच. म्हणून तुम्हीच तिचं झाकण काढा. डबी आणि झाकण वेगवेगळे मऊ कापडात गुंडाळून एका पारदर्शक पिशवीत घाला. अंगुस्तान डबीत न ठेवता त्याच पिशवीत शेजारी ठेवा. रांगेत आल्यावर ती पिशवी बॅगेतून काढून ट्रेमध्ये एकटी ठेवा. कुणी विचारलं तर सांगा, माझ्या आईची आहे. सुया मात्र चेक-इनच्या सामानात. हातातल्या बॅगेत काही ठिकाणी त्या चालतात, काही ठिकाणी नाही, आणि आईच्या वस्तूंवर असा जुगार नको. बूच किंवा जाड पुठ्ठ्यात खोचून, वर कापड गुंडाळून ठेवा, सामान तपासणाऱ्याच्या बोटाला लागू नयेत.

बाबांचं पेसमेकरचं कार्ड आजच शोधायला काढा. सापडलं नाही तर रुग्णालयातून दुसरं मिळतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तुमच्याकडे एकच महिना आहे.